पाच सेकंद दाबून धरायचं

मंगळवेढ्याच्या अलीकडे, टॉवर एकशे बाराकडे जाणारी पाणंद,
परतीच्या पावसाने चार दिवस भिजवलेली.
काळी माती वरून सुकल्यासारखी दिसते,
पापुद्रा धरलेला, भेगा पडायच्या बेतात,
आणि खाली लोणी.
कंपनीची नवी गाडी. चालवणारी मी, शिवलीला बिराजदार.
शेजारी इराप्पा हत्तरकी, एकतीस वर्षं लाइनच्या जीपवर,
मोतीबिंदू काढून महिना झालेला, काळा चष्मा,
एक हात वरच्या कडीला, दुसरा मांडीवरच्या डब्यावर.

पहिल्याच खड्ड्यात डावं चाक हवेत गेलं.
फिरलं, एकटंच, रिकामं,
आणि खालून आवाज आला, ट्र्र्र, दातओठ खाल्ल्यासारखा.
"कोण चावलालंय गं तिला खाली?"
कोणी नाही काका, ब्रेक आहे.
जे चाक उगाच फिरतं त्याला धरतो,
मग जोर दुसऱ्याकडे जातो,
ज्याच्या पायाखाली जमीन आहे त्याच्याकडे.
इराप्पा गप्प. मग म्हणाला,
"आमच्या हापिसात असं कधी झालं नाही."

ओढ्याचा उतार. मी बटण दाबलं, दोन्ही पाय मोकळे सोडले.
गाडी आपली आपण उतरली,
डोक्यावर घागर असल्यासारखी, पावलापावलाने.
इराप्पाचा पाय मात्र
नसलेला ब्रेक दाबत होता.

आणि मग चढ.
ट्रॅक्टरने पाडलेले दोन चर, चरांत पाणी.
टायरच्या खाचा बुजल्या, चारी चाकं मडक्यासारखी गुळगुळीत.
मी पाय दाबते, इंजिन मान खाली घालतं.
पिवळा दिवा, घसरत्या गाडीचं चित्र, मागे नागमोडी रेघा,
लुकलुक, लुकलुक.
मी म्हणते दे. ती म्हणते घसरशील.
अगं घसरू दे ना थोडं!

"गप कर तिला," इराप्पा म्हणाला.
बटण नुसतं टेकवून भागत नाही,
तेवढ्यानं ती अर्धीच गप्प होते.
पाच सेकंद दाबून धरायचं.
खरंच? खरंच ना? असं विचारत जाणारे पाच सेकंद.
तेवढ्यात त्याने अख्खी गोष्ट उरकली:
ब्याण्णव साली, याच ओढ्यात, चाकाखाली घातलेली चादर,
लग्नातली, मोराची, सासऱ्याने चाटी गल्लीतून घेतलेली.
जीप निघाली. चादर राहिली.
पाहुणे आले की बायको अजून चादरी मोजते, मोठ्यानं.

"दुसरा टाक. पहिल्यात उकरत बसशील की.
स्टेअरिंग हलव जरा, इकडं तिकडं, करवतीसारखं.
पाय काढायचा नाही."
फोर-लो. चारी चाकं सुटली,
काचेवर, आरशांवर, छतावर माती.
काही क्षण आम्ही कुठेच जात नव्हतो, भलत्या जोरात.
मग मागचं उजवं कशाला तरी लागलं.
मुरूम असेल, बाभळीचं मूळ असेल,
चादर असेल, इराप्पा नंतर म्हणाला.
गाडी वर.

टॉवरवर काम वीस मिनिटांचं.
एक फुटका इन्सुलेटर, फोटो, नोंद.
भाकरी, शेंगाचटणी.
परत येताना लांबची वाट.

डांबर लागल्यावर तो म्हणाला, "आता लाव ते."
लावलं. का, ते विचारलं नाही.
बेगमपूरचा पूल मागे पडला, अंधारून आलेलं,
आणि वळणावरच उसाची ट्रॉली उभी,
दिवा नाही, दगड नाही, माणूस नाही.
स्टेअरिंग मी ओढलं, जरा जास्तच.
शेपूट सुटलं. टायरांत चिखल अजून ओला.
आणि कुणीतरी एका चाकाला, फक्त एका,
खांद्यावर हात ठेवावा तसं थांबवलं.
सरळ झालो. ट्रॉली मागे गेली.
दिवा दोनदा लुकलुकला, विझला.

बराच वेळ इराप्पा बोलला नाही.
डबा खाली पडला होता, तो पायाने चाचपत होता.
सोलापूरचे दिवे दिसायला लागल्यावर म्हणाला,
"आता कोणी धरलं?"
तिनेच.
"हां."
आणि थोड्या वेळाने, कडी सोडत,
"चावलं नाही या बारीला."